मूळ झिलई : जुन्या मोटारींच्या डॅशबोर्डाविषयी प्रस्तावना

दिल्लीत १९६४ साली ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या पुढाकाराने जुन्या मोटारींची फेरी निघू लागली, तेव्हापासून आजतागायत या छंदाने आपल्या देशात जी मजल मारली आहे, ती कोणाही रसिकाला समाधान वाटावे अशीच आहे. भंगारात जमा झालेले इंजिन पुन्हा धडधडू लागते, गंजून चाळण झालेला पत्रा ठोकून मूळ वळणावर आणला जातो, आणि ज्या सुट्या भागांची निर्मिती परदेशी कारखान्यांनी कित्येक दशकांपूर्वी थांबवली, ते भाग आपल्याकडचे लेथवाले नुसत्या नमुन्यावरून हुबेहूब कातून देतात. परंतु या साऱ्या उद्योगात एक जागा मात्र उपेक्षित राहिली. आणि ती जागा नेमकी अशी की, मोटार हाकणाऱ्याची नजर रस्त्यावरून उठली की जिच्यावर पडते आणि तिथून पुन्हा रस्त्यावर जाते. त्या डॅशबोर्डावरची मूळ झिलई कोणती होती, ती ओळखावी कशी, उरली असेल तेवढी जपावी कशी, आणि समूळ नाहीशी झाली असेल तर ती पुन्हा उभी करताना कोणते पथ्य पाळावे, एवढाच प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे.

सर्वसाधारण परिपाठ असा की, मोटार दुरुस्तीला पडली म्हणजे पैसा आणि उत्साह प्रथम इंजिनावर, मग बॉडीवर, मग गाद्यांवर खर्ची पडतो. डॅशबोर्डाची पाळी येईतो थैली रिती झालेली असते, आणि प्रदर्शनाची तारीख तोंडावर आलेली असते. मग तो फलक सोडवून एखाद्या फर्निचरवाल्याकडे पाठवला जातो. तो बिचारा आपल्या समजुतीप्रमाणे उत्तमच काम करतो: जुना थर पॉलिशपेपरने पार लाकडापर्यंत घासतो, भेगांत लांबी भरतो, आणि वर आरशासारख्या लकाकीचे जाड लेपन चढवतो. फलक परत येतो तेव्हा पाहणारे वाहवा करतात. पण मोटार ज्या कारखान्यातून निघाली तेथील एखाद्या कारागिराला तो दाखवता आला असता, तर त्याने तो आपला म्हणून ओळखला नसता. केंद्र शासनाने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली, आणि चॅसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट घातली. सरकारी दाखल्यापुरती ही अट पुरेशी आहे, आणि कायद्याने याहून खोलात शिरावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. परंतु दाखला मिळाल्याने धन्याची जबाबदारी संपते असे मात्र नाही. कायद्याने ज्याचे नावही घेतले नाही त्या डॅशबोर्डाचा सांभाळ सर्वस्वी त्याच्या विवेकावर सोपवलेला आहे.

हा विवेक डळमळतो तो बहुधा एका भ्रमामुळे: जुनी मोटार म्हणजे अक्रोडी लाकूड आणि लाकूड म्हणजे लकाकी, असे समीकरण आपल्या मनात घट्ट बसलेले आहे. वस्तुस्थिती अशी की, डॅशबोर्डाची झिलई दर दशकाला, देशागणिक, आणि पुष्कळदा एकाच कारखान्याच्या दोन नमुन्यांतही बदलत गेलेली आहे. जॅग्वार कंपनीची १९४८ साली अवतरलेली एक्सके १२० घ्या. तिच्या उघड्या दोन आसनी नमुन्याचा डॅशबोर्ड चामड्याने मढवलेला होता, आणि पक्क्या छताच्या नमुन्याचा अक्रोडाच्या पापुद्र्याने. तरीही उघड्या मोटारीला ‘अधिक भारी’ म्हणून लाकूड चढवण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. त्याच कंपनीची ई-टाइप १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात झळकली तेव्हा तिच्या डॅशबोर्डाचा मधला भाग बारीक ठिपक्यांनी उठवलेल्या ॲल्युमिनियमचा होता. पुढे थोड्याच काळात तो काळ्या आवरणाखाली गेला. आज एखाद्या प्रारंभीच्या ई-टाइपला काळे आवरण दिले तर ती अधिक आधुनिक दिसेल आणि एखाद्या उत्तरकालीन गाडीला ॲल्युमिनियम दिले तर ती अधिक दुर्मीळ भासेल. दोन्ही कृत्ये सारखीच सदोष आहेत.

या झिलईचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर तो घोडागाडीपासून सांगावा लागतो. हाकणाऱ्याच्या पायांवर घोड्याच्या टापांनी चिखल उडू नये म्हणून गाडीच्या पुढल्या अंगाला एक उभी फळी असे. मोटारीने घोडा टाकला, फळी मात्र ठेवली, आणि पुढे तेलाचा दाब, वेग, विजेचा प्रवाह दाखवणारी तबकडी-घड्याळे याच फळीच्या आश्रयाला आली. पहिल्या मोटारींच्या बॉड्या बांधणारे हातही गाड्या बांधणाऱ्यांचेच होते. त्यामुळे झिलईही गाडीकामाची, म्हणजे तेलाच्या वॉर्निशाची, एकावर एक अनेक थरांची, आणि वाळायला आठवडेच्या आठवडे घेणारी अशी होती. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने १९२३ साली ‘ड्यूको’ या नावाने नायट्रोसेल्युलोजचे लॅकर बाजारात आणले, आणि जनरल मोटर्सने ते आपल्या १९२४ च्या ओकलँड मोटारींना दिले. तेव्हापासून आठवड्यांचे काम तासांवर आले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात निकेलच्या मुलाम्याची जागा क्रोमने घेतली. निकेलची छटा किंचित पिवळसर, उबदार असते, क्रोमची निळसर व थंड. आणि म्हणून १९२४ च्या मोटारीतील घड्याळाभोवती क्रोमची चकचकीत कडी दिसली की जाणत्याच्या डोळ्याला ती तत्काळ खुपते.

येथे मला एका झिलईची बाजू थोडी विस्ताराने मांडावीशी वाटते, कारण तिच्यावर सर्वांत अधिक अन्याय झालेला आहे. अमेरिकेत १९३० नंतर लाकडी सांगाडा मागे पडून सबंध पोलादी बॉडी रूढ होऊ लागली, आणि डॅशबोर्डही पत्र्याचा झाला. गिऱ्हाइकाच्या मनातून मात्र लाकूड गेले नव्हते. तेव्हा कारखान्यांनी पत्र्यावर लाकूड छापले. खऱ्या अक्रोडाच्या किंवा महागनीच्या फळीचे छायाचित्र घेऊन त्यावरून धातूची कोरीव पट्टी तयार करीत. पट्टीवर शाई पसरून वरवरची शाई पात्याने निरपून काढीत, म्हणजे शाई केवळ कोरलेल्या रेषांत उरे. ती मऊ रुळाने उचलून, फिकट तपकिरी अस्तर दिलेल्या पत्र्यावर एका दमात फिरवीत, आणि वर पारदर्शक लॅकरचे संरक्षण देत. दुसऱ्या एका रीतीत आधीच छापून ठेवलेला पातळ पापुद्रा पत्र्यावर बसवीत. १९३० आणि १९४० च्या दशकांतील असंख्य अमेरिकन मोटारींचे डॅशबोर्ड या पद्धतीने नटलेले होते, आणि त्यांपैकी पुष्कळ मोटारी आपल्या संस्थानिकांच्या, वकील-डॉक्टरांच्या आणि पेढीवाल्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

आज असा एखादा पत्रा गंजून, रेषा पुसट होऊन समोर येतो तेव्हा धनी म्हणतो, ‘खोटे लाकूड तरी कशाला? खरेच लावू.’ हा उदारपणा चुकीच्या जागी आहे. छापील रेषांचा तो पत्रा म्हणजे खऱ्या लाकडाची गरिबांची आवृत्ती नव्हे. छायाचित्र, कोरणी, शाई आणि रूळ या चार विद्यांच्या संयोगातून जन्मलेली ती एक स्वतंत्र कला आहे, आणि तिची लक्षणे लाकडाच्या लक्षणांहून निराळी आहेत. पत्र्याच्या तीव्र वळणावर रूळ दबतो आणि रेषा ताणल्या जातात. तीच आकृती ठरावीक अंतराने पुन्हा येते. खोल कोपऱ्यात रूळ पोहोचत नाही तेथे केवळ अस्तराचा रंग उरतो किंवा कुंचल्याने भागवलेले असते. हे दोष नव्हेत, या त्या कामाच्या खुणा आहेत. त्यांच्या जागी खऱ्या लाकडाचा पापुद्रा चिकटवला म्हणजे मोटार श्रीमंत होत नाही, ती वेगळ्याच मोटारीचे सोंग घेते. परदेशात या छपाईची विद्या हयात आहे. कोरीव पट्ट्या, रूळ आणि शाई मिळवून ती शिकता येते, आणि आपल्याकडे छपाईच्या व स्क्रीनच्या कामात मुरलेले इतके हात असताना ती येथे का रुजू नये, हे मला समजत नाही.

खऱ्या लाकडाच्या फलकाकडे वळताना प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ते बहुतेक वेळा अखंड लाकूड नसतेच. खाली महागनीची किंवा प्लायची फळी, आणि वर मिलिमीटरहून पातळ असा अक्रोडाचा पापुद्रा. तोही बहुधा बुंध्यावरच्या गाठाळ वाढीतून काढलेला, कारण तेथेच ती ढगांसारखी गुंतागुंतीची नक्षी सापडते. एकाच लाकडातून लागोपाठ निघालेले दोन पापुद्रे उघडलेल्या पोथीच्या पानांप्रमाणे समोरासमोर मांडले की डावी-उजवी बाजू एकमेकींचे प्रतिबिंब होतात. हे सारे सरसाने चिकटवलेले असते. इतक्या पातळ थरावर पॉलिशपेपर जोराने चालवला तर कडांवरचा अक्रोड काही क्षणांत निघून खालची फळी डोकावू लागते, आणि ती चूक कोणत्याही रंगाने झाकली जात नाही. म्हणून घासण्याआधी ओळखणे हा या कामाचा पहिला नियम आहे, आणि ओळखण्याची रीत फार साधी आहे.

वेगदर्शकाची कडी अलगद सोडवावी. तिच्याखाली, जेमतेम दोन सूत रुंदीची, गोलाकार अशी एक पट्टी उघडी होते, जिला कारखाना सोडल्यापासून ना ऊन लागलेले असते, ना हात, ना एखाद्या उत्साही नोकराचे फडके. त्या मोटारीचा मूळ रंग आणि मूळ चमक पाहायची असेल तर ती येथे. सभोवारचा फलक मधाच्या रंगाचा दिसत असेल आणि कडीखालची पट्टी गडद चॉकलेटी असेल, किंवा नेमके याच्या उलट. कारण उन्हाने अक्रोड फिकट होतो आणि त्याच उन्हाने वरचे नायट्रोसेल्युलोज पिवळे पडते, आणि या दोन विरुद्ध क्रियांची बेरीज प्रत्येक मोटारीत निराळी येते. बाहेरून दिसणाऱ्या रंगावरून अनुमान करणे म्हणूनच व्यर्थ होय. मग काडीला कापूस गुंडाळून तो स्पिरिटमध्ये बुडवावा आणि त्या पट्टीच्या एका कोपऱ्याला टेकवून थोडे थांबावे. थर चिकट झाला आणि कापसाला पिंगट डाग आला तर ती लाख. काहीच घडले नाही तर दुसरी काडी थिनरमध्ये बुडवून तीच कृती करावी, आणि या वेळी थर मऊ पडला तर ते नायट्रोसेल्युलोज. दोन्ही वेळा थर निर्विकार राहिला तर समजावे की, वरचे लेपन अलीकडच्या जातीचे आहे किंवा भट्टीत भाजलेले आहे. हीच परीक्षा फलकाच्या मधोमध पुन्हा करावी. तेथे लाख आणि कडीखाली नायट्रोसेल्युलोज असे निघाले, तर मधल्या काळात कोणीतरी वरून पॉलिशचा हात फिरवला आहे हे सिद्ध होते, आणि तो वरचा हात स्पिरिटने उतरवून खालचा मूळ थर बहुतांशी शाबूत मिळण्याची आशा धरता येते.

मूळ थर नुसता तडकलेला असेल तर तो काढण्याचे कारणच नाही. नायट्रोसेल्युलोजचा स्वभाव असा की, तो आपल्या द्रावकात पुन्हा विरघळतो. थिनरची अत्यंत विरळ फवार टप्प्याटप्प्याने दिली तर बारीक भेगांच्या कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, आणि जुन्या थराचेच नवे अखंड पृष्ठ होते. सरसाचाही गुण असाच आहे. सुटलेल्या पापुद्र्याखाली ओलसर ऊब दिली की जुना सरस जागा होतो, आणि त्यात थोडा ताजा सरस घालून दाबून ठेवले म्हणजे काम पुढच्या अनेक वर्षांसाठी पक्के होते. त्या जागी बाजारातला सिंथेटिक डिंक ओतणारा माणूस आज वेळ वाचवतो आणि उद्याच्या कारागिराची वाट कायमची बंद करतो. जे करावे ते उलटे फिरवता यावे, हा दंडक मला या विद्येतील सर्वांत मोलाचा वाटतो.

धातूच्या फलकांविषयी येथे थोडक्यातच लिहितो. बुगाटीच्या १९२४ च्या टाइप ३५ मध्ये किंवा गॉर्डन ब्युरिगने आखलेल्या कॉर्ड ८१० मध्ये ॲल्युमिनियमच्या फलकावर एकावर एक सरकत जाणाऱ्या वर्तुळांची जी खवल्यांसारखी नक्षी दिसते, ती ड्रिल मशिनात एमरी लावलेला फिरता दट्ट्या धरून, एकेक वर्तुळ आधीच्या वर्तुळावर थोडे चढवत काढलेली असते; वर्तुळांचा व्यास, त्यांतील अंतर आणि ओळींचा क्रम मोजून नोंदवल्याशिवाय अशा पत्र्याला पॉलिश लावू नये, कारण पॉलिशने ती नक्षीच पुसली जाते. शर्यतीच्या इटालियन मोटारींचा काळा सुरकुतलेला रंग वरचा पृष्ठभाग खालच्यापेक्षा आधी वाळल्यामुळे आकसून उमटतो. थराची जाडी आणि भट्टीची उष्णता बदलली की सुरकुती बदलते, तेव्हा नमुन्याच्या पत्र्यावर हात बसल्याखेरीज मूळ फलकाला स्पर्श करू नये. बेकेलाइटच्या मुठी व कड्या यांचे तेज वरच्या रेझिनच्या पातळ सायीत असते. ती घासून गेली की खालचा भुसा उघडा पडतो आणि मग कोणतेही मेण त्याला पूर्वस्थितीला आणीत नाही. सेल्युलोज ॲसिटेटच्या हस्तिदंती कड्यांना शिरक्यासारखा वास येऊ लागला तर त्या आतून विघटित होत आहेत असे समजून इतर भागांपासून वेगळ्या ठेवाव्यात. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून सुरक्षेचे सरकारी दंडक लागू झाले, आणि फोमवर व्हिनाइल ताणलेल्या मऊ डॅशबोर्डांचे युग सर्वत्र पसरले. त्यांच्या भेगांचा विचार या पुस्तिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

एका गोष्टीबाबत मात्र संक्षेप करणे योग्य होणार नाही. जुन्या काही घड्याळांच्या आकड्यांवर आणि काट्यांवर अंधारात चमकणारा जो रंग लावलेला असतो त्यात रेडियम असू शकते. रेडियमने झिंक सल्फाइडला चेतवून प्रकाश मिळवण्याची ती युक्ती होती. झिंक सल्फाइड काही दशकांत थकते, म्हणून रंग चमकेनासा होतो; रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षे आहे, आणि चमक गेली तरी ते जेथल्या तेथे असते. अशी तबकडी उघडून खरवडणे, फुंकर मारून धूळ उडवणे, किंवा तिच्यावर ब्रश चालवणे हे जिवाशी खेळणे आहे. काच बंद ठेवावी, आणि काम अणुकिरणांची माहिती असलेल्या जाणकाराकडे सोपवावे.

आता आपल्या प्रांताविषयी. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळवणीचा कारखाना उघडला आणि तो १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, डिसोटो, प्लिमथ आणि पुढे फियाट बाहेर पडू लागल्या. महाराष्ट्रात आढळणाऱ्या अनेक मोटारी अशा रीतीने सुटे भाग आणून येथेच जुळवलेल्या आहेत. तेव्हा त्यांची मूळ झिलई ठरवताना परदेशी ग्रंथातील रंगीत छायाचित्र हा अखेरचा पुरावा धरता येत नाही. समोरच्या मोटारीची कडीखालची पट्टी हा त्याहून वरचा साक्षीदार होय.

आपली हवा हाही स्वतंत्र विचाराचा विषय आहे. मुंबईच्या आषाढ-श्रावणात लॅकर फवारले तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील ओल त्यावर उतरते, आणि थरात दुधासारखा धुरकटपणा साकळतो. म्हणून जाणते रंगारी ते काम दसऱ्यापुढे ढकलतात, किंवा हळू उडणारे थिनर वापरतात. विदर्भातील वैशाखात याच्या उलट, पापुद्रा आकसून कडांपासून उचलला जातो. लाखेविषयी आपल्याला ममत्व वाटणे स्वाभाविक आहे. ती याच भूमीतील कीटकाची देणगी, तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संस्था स्थापन झाली, आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने गोल-गोल फिरवत थर चढवणारे पॉलिशवाले अजून मुंबईत आहेत. त्यांच्या हाताला मी मनापासून मान देतो. तरीही काचेमागे तापणाऱ्या डॅशबोर्डावर वरचा अखेरचा थर म्हणून लाख देऊ नये, कारण ती उष्णतेने मऊ होते आणि पाण्याने पांढरी पडते; मूळ थर आणि नवा थर यांच्यामधला पातळ आडपडदा म्हणून मात्र मेण काढलेल्या लाखेसारखे दुसरे साधन नाही.

किती दुरुस्त करावे आणि कोठे थांबावे, या प्रश्नावर जगात पुष्कळ विचार झालेला आहे. इमारतींच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिच्या धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिव्हा’ने, २०१२ साली ट्युरिन सनद मंजूर केली. जपणूक आधी, दुरुस्ती मग, आणि नवनिर्मिती सर्वांत शेवटी, असा तिचा आशय आहे. या क्रमाशी मी पूर्णपणे सहमत आहे, परंतु तो लागू करताना मोटारीचा उपयोगही पाहावा लागतो. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपतींची मेबॅक आजही सोहळ्यात वावरते; अशा चालत्या मोटारीच्या झिलईला ऊन-पाऊस सोसावा लागतो, आणि संग्रहालयात उभ्या असलेल्या मोटारीला लावलेला निकष तिला जसाच्या तसा लावता येत नाही. झीज आणि नुकसान यांतला भेद मात्र दोन्हीकडे सारखाच. किल्लीच्या झुपक्याने घासून घासून फलकाला पडलेला अर्धचंद्राकृती डाग, हातमोज्यांच्या कप्प्याच्या कडेला अंगठ्याने गुळगुळीत झालेली जागा, ही झीज आहे आणि ती ठेवावी. वाळवी, गंज, सुटलेला पापुद्रा हे नुकसान आहे आणि ते थांबवावे.

शेवटची सूचना नोंदीविषयी. जुन्या लाकडी फलकाच्या पाठीवर बॉडीचा क्रमांक किंवा सुताराची खूण पेन्सिलीने लिहिलेली पुष्कळदा आढळते; म्हणून पाठ कधीही घासू नये व रंगवू नये, आणि काम सुरू करण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. आपण जे केले ते त्याच पाठीवर, जुन्या खुणेपासून दूर, तारखेसह पेन्सिलीने लिहावे: कोणता भाग मूळ, कोणता नवा, वरचा थर कशाचा, सरस कोणता, थिनर कोणते. सविस्तर तपशील, काढलेल्या जुन्या तुकड्यांसह, एका पाकिटात घालून ते नोंदणीपुस्तकाच्या जोडीने ठेवावे, आणि मोटार विकली गेली तर किल्लीबरोबर ते पाकीटही नव्या धन्याच्या हाती द्यावे.